हातात देणारं माणूस

सातुर्निनाचं दुकान उद्या सकाळी उघडायचं होतं. एल आल्तो या डोंगरावरच्या शहरात, चढावरच्या गल्लीत एक खोली, पत्र्याचं शटर, दोन बाकडी आणि एक मोठं पातेलं. विकायचं काय, तर आपी. जांभळ्या मक्याचं, दालचिनी घातलेलं घट्ट गरम पेय, आणि सोबत चीज भरून तळलेली पुरी. भिंती तिने स्वतः रंगवल्या होत्या, पाटीही स्वतःच लिहिली होती. राहिलं होतं ते एकच, आणि ते जत्रेत ढिगाने मिळत असलं तरी नुसतं विकत घेऊन भागणारं नव्हतं.

आज चोवीस जानेवारी, अलासितासची जत्रा. ज्याला जे हवं त्याची चिमुकली वस्तू बाराच्या ठोक्याला हाती यावी, तिला धूप दाखवावा, म्हणजे वर्षभरात खरी दारात येते. पण ती दुसऱ्या कुणीतरी आपल्या हातात ठेवायला हवी. स्वतःची स्वतः घेतली तर एकेको, तो मिशीवाला ढेरपोट्या देव, ढुंकूनही बघत नाही.

सातुर्निनाचा यावर विश्वास होता आणि त्याला कारणही होतं. अठ्ठावीस वर्षं ती खाली शहरात एका घरी स्वयंपाकाला होती, राहायलाही तिथेच. मालकीणबाई दर जत्रेला न चुकता तिच्या हातावर एक इवलीशी चूल ठेवायच्या. "घे सातुका, तुझी चूल कधी विझायची नाही." विझली नाहीच. देवाने बाईंचा शब्द अठ्ठावीस वर्षं तंतोतंत पाळला. बाई गेल्या, मुलांनी घर विकलं, तेव्हा कुठे सातुर्निना त्या चुलीपुढून उठली.

सकाळी स्पेनमधून लेकीचा, येसेनियाचा फोन आला होता.

"आई, तूच घे आणि मी दिलं असं समज."

"असं नसतं गं."

"मग शेजारणीला सांग ना. एवढ्या मोठ्या गल्लीत तुला एक माणूस मिळेना?"

"मिळेल की," सातुर्निना म्हणाली.

गल्लीत येऊन चार महिने झाले तरी तिला शेजारणीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या घरात राहून माणूस विचारलं तेवढंच बोलायला शिकतं. मागायला त्याला कोण शिकवणार?

जत्रेत तिला हवं तसं दुकान सापडलं. तळहाताएवढं, शटर वरखाली होणारं. आत पोती, बाटल्या आणि गोल टोपीतली एक मातीची बाई. मातीचं गिऱ्हाईक मात्र एकही केलेलं नव्हतं.

"घ्या कासेरा, वेळ होत आली," विकणारी म्हणाली. बाजारात विकणारी काय आणि घेणारी काय, सगळ्या एकमेकींच्या कासेराच. "देणारं कोण आहे तुमचं?"

"येतंय," सातुर्निना खोटं बोलली.

"मग हाका मारा त्यांना. मी दिलेलं चालायचं नाही हां, मी विकणारी."

चर्चच्या घंटा सुरू झाल्या. सगळी गर्दी एकमेकांकडे वळली. नवऱ्यांनी बायकांना सिमेंटची बोटभर पोती दिली, बहिणींनी भावांना गाड्या दिल्या, धुपाचा धूर डोळ्यांत गेला. शेजारी एक बाई रिकाम्या हातांनी उभी होती. सातुर्निनाने दुकान जरासं तिच्या दिशेने पुढे केलं. 'जरा' हा शब्द ओठांपर्यंत आला. तेवढ्यात त्या बाईची जाऊ धावत आली आणि दोघी हसत निघून गेल्या. घंटा थांबल्या. सातुर्निनाला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण तीही सवय राहिली नव्हती.

"आलं नाही वाटतं तुमचं माणूस?" विकणारीने विचारलं.

"बस चुकली असेल," ती म्हणाली, आणि दुकान कागदात बांधून घेतलं. खोलीवर येऊन ते तिने कागदासकट बाकड्यावरच्या फळीवर ठेवून दिलं. अजून ते तिचं झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने शटर वर केलं. आपी उकळायला लागली. आता दारात उभं राहून 'या हो, गरम आपी' म्हणून ओरडायचं, बाकीच्या ओरडतात तसं. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माणसं कानटोप्या ओढून समोरून जात राहिली.

बऱ्याच वेळाने एक मिनीबसवाला नुसत्या वासाने आत आला. दोन पेले प्याला, पुरी खाल्ली, उठला. दारापर्यंत गेला.

"जरा थांबा," सातुर्निना म्हणाली.

"पैसे दिले की मी."

"पैशांचं नाही. त्या फळीवर कागदात काहीतरी आहे. माझ्या हातात द्याल?"

"हात पोचत नाही होय?"

"पोचतो."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. कागद सोडला, आतलं दुकान बघितलं, मग दोन्ही रिकामी बाकडी बघितली.

"काल कुणी नव्हतं?"

"नाही."

"वेळ तर कालच टळली, कासेरा."

"तरी द्या."

त्याने टोपी काढून काखेत धरली, पँटला हात पुसले आणि ते दुकान दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "खरं होऊ दे," तो म्हणाला. सातुर्निनाने ओंजळ पुढे केली.

तो गेला. बसचं दार आपटलं, गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली. कोण होता, कुठला, तिने काहीच विचारलं नव्हतं. पण तिने मागितलं होतं, आणि एका माणसाने दिलं होतं.

दुकान तिने पातेल्याशेजारी, तोंड रस्त्याकडे करून ठेवलं. मग कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसले, दारात आली आणि हाक मारली. आवाज चिरका निघाला. कुणीही वळून पाहिलं नाही.

तिने घसा साफ केला आणि पुन्हा हाक मारली.