सारखे तुकडे

पाहुणे यायच्या आधी थोरलीने बाबांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "हवापाण्यावर बोला, तब्येतीवर बोला. पण वाद घालू नका!"

बाबा म्हणजे निवृत्त जेलर. लग्नाला त्यांचा होकार तेवढा अडला होता. मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला, अगदी सोन्यासारखा. बाबांना खुपत होती त्याच्या वडिलांची प्राध्यापकी. "त्या पंडिताच्या घरात तुला तोंड तरी उघडू देतील का?" हे त्यांचं पालुपद.

आणि कसलं हवापाणी! पाहुणे खुर्चीवर टेकतात न टेकतात, तोच बाबांनी सांगून टाकलं, "परवा शेजारची सायकल चोरीला गेली."

"जाणारच," प्राध्यापक म्हणाले. "कुणाच्या दारात गाड्यांची रांग, तर कुणाच्या पायात चप्पल नाही. ही दरी वाढली की गुन्हे वाढतात."

झालं! आगीत तेल पडलं.

"माझा बाप हमाल होता," बाबा कडाडले. "उपाशी झोपलो आम्ही, पण कुणाची काडी उचलली नाही. खोट मनात असते साहेब, खिशात नाही!"

"गरीब चोर असतो असं मी कुठे म्हटलं? सगळेच गरीब असले तर माणूस निभावून नेतो. शेजारचं ताट भरलेलं दिसलं की बिथरतो."

"बिथरतो म्हणे!"

मुलगा थोरलीकडे बघतोय, ती आईकडे बघतेय आणि आई बिचारी पाहुण्यांसाठी आणलेल्या केककडे. शेवटी आईने सुरी उचलली आणि त्यांच्यासाठी चांगला जाडजूड तुकडा कापायला घेतला. बाबांनी तिच्या हातातून सुरी काढूनच घेतली. तोंडाने वाद चालू ठेवून, एक डोळा बारीक करून, त्यांनी सगळ्या केकचे एकसारखे तुकडे पाडले.

"बाबा, पाहुण्यांना मोठा द्या ना," थोरली पुटपुटली.

"अजिबात नाही! जेलात पावाचा तुकडा कमीजास्त झाला की मारामारी ठरलेली. सारखं वाढलं की सगळे गप..."

आणि बाबांचं तोंड उघडंच राहिलं.

मुलाला ठसका लागला. थोरलीला आधी हसू फुटलं, मग धडकीच भरली. चारचौघांत बाबांची फजिती! लग्न गेलंच म्हणायचं बाराच्या भावात.

बाबा लालबुंद झाले. म्हणाले, "बरं, खरंय तुमचं. पण एक कैदी होता. घरचा गडगंज. स्वतःचं ताट भरलेलं असलं तरी शेजाऱ्याचा पाव पळवायचा. त्याचं काय?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "त्याचं... मला माहीत नाही," ते म्हणाले आणि थोरलीकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

तिला निमित्तच हवं होतं! "तुमचं दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. कमी मिळतं त्याला वाटतं, आपल्याला लुबाडलं. जास्त मिळतं त्याला वाटतं, सगळं आपल्याच बापाचं. दरी दोन्ही काठांवरची माणसं बिघडवते."

"पण आकडेवारी..." प्राध्यापक सुरू झाले.

"थांबा काका, माझं संपलं नाही अजून!"

आणि काका थांबले की हो! गुपचूप केक खात ऐकत बसले.

बाबा आईच्या कानाशी लागले. त्यांची कुजबुज म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाणार. "हिला तिथे कोण गप्प बसवतंय! आता मला काळजी त्या लोकांची वाटते. तारीख ठरव."