पट्ट्याचा पीळ

ठमीला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं की नाही, हे अलिबागच्या डॉक्टर टिपणिसांच्या एका सहीवर होतं. साल त्रेसष्ट. तिचा नवरा मिठाच्या मचव्यासकट बुडाला त्याला दोन वर्षं झाली, तरी मिठागरावर ती त्याच्याशी मोठ्यानं बोलायची. काम चोख, चूल वेळेवर. पण दिराला, दयारामला, लाज वाटत होती. भाऊ बुडाला तेव्हा घोरत पडलेल्याला ही लाज बरी सुचली!

ठमीचा भाऊ काळूराम भातगिरणीचं इंजिन चालवायचा. तेलकट हातांनीच तो ठमी आणि दयारामबरोबर दवाखान्यात आला होता.

डॉक्टर पॅरिसला शिकलेले. त्यांनी कागदाची पट्टी घेतली, एक टोक उलटं फिरवून दुसऱ्याला डिंकानं चिकटवलं आणि मधून पेन्सिल ओढली. रेघ दोन्हीकडून हिंडून मूळ जागी आली.

"मन असं असतं. आत-बाहेर दोन बाजू वाटतात, पण बाजू एकच. हिचं आतलं चालत चालत बाहेर आलंय."

"ह्यो तर आमचा इंजिनाचा पट्टा!" काळूराम म्हणाला. "एक पीळ दिला का दोनी अंगांनी सारखा झिजतो."

"मग झालं तर. हिला आणि मेलेल्याला कापून वेगळं करायचं. त्यासाठीच इस्पितळ."

"मंग करा सही," दयाराम म्हणाला.

ठमी बाजूच्या हवेला हळूच म्हणाली, "आयकलं का वो? तुमाला कापनार हायत."

काळूरामनं टेबलावरची कात्री उचलली.

"धाकट्या चाकाला अरुंद पट्टा पायजे व्हता. पीळ न सोडताच मी मधोमध चिरला. वाटलं, दोन व्हतील. शेटनं आईबाप काढला माजा."

कात्री रेघेवरून फिरली. दोन कडी पडली नाहीत. एकच पडलं, दुप्पट लांब, आणखी पिळलेलं.

"आता कापा हिला. सुटनार न्हाय, पिळवटंल."

डॉक्टरांना हे पुस्तकातून ठाऊक होतं. मिठागरातल्या बाईला लावून पाहायची गरज पडली नव्हती, इतकंच. त्यांनी ते कडं बोटांवर फिरवून पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"हिला घरी न्या."

दयाराम तणतणत पुढं निघून गेला.

रेवसच्या एस.टी.त दोनच जागा उरल्या होत्या. ठमीनं खिडकीची मोकळी सोडली आणि शेजारी बसली. काळूराम रेवसपर्यंत उभ्यानं आला.