खाऱ्या पाण्याचा कलश

“माझा माठ कुठे गेला?”

पद्माने विंगेत पाऊल टाकलं आणि ती तिथल्या तिथे थबकली. हातात फ्यूजच्या तारेचं भेंडोळं, कपाळावर घाम. नई सडकेवरच्या वडिलांच्या दुकानात ती पळत गेली होती आणि पळतच परत आली होती. तेवढ्यात कोपऱ्यातला माठ नाहीसा. माठाखालची चुंबळ मात्र जागच्या जागी होती.

“तहान लागली का गं? बाहेर नळ आहे,” आरशासमोर भुवया रेखता रेखता सुमनताई म्हणाल्या.

“प्यायचा माठ नाही हो! डिमरचा. वो नमक के पानी वाला!”

“अगं बाई,” सुमनताई म्हणाल्या आणि पुन्हा भुवईकडे वळल्या. नाटकाची नायिका त्या होत्या. पहिली घंटा व्हायला आली असताना नायिकेने माठाची चिंता करावी, अशी अपेक्षाच चुकीची होती.

पण पद्मा धास्तावली होती. का, ते कळायला त्या माठाची कुळकथा ठाऊक हवी.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींचं एक हौशी नाट्यमंडळ होतं. दरवर्षी दसरा आणि कोजागिरीच्या मध्ये शाळेच्या सभागृहात त्यांचं नाटक व्हायचं. नट बरे होते, पेटीवाला चांगला होता, पण गावभर नाव होतं ते ‘श्रीपादच्या पहाटे’चं. श्रीपाद सचिवालयात कारकून होता आणि मंडळाचे दिवे सांभाळायचा. बटण दाबलं की दिवा लागतो, त्यात काय मोठंसं? रंगमंचावर हळूहळू उजाडायचं असेल तर बटण उपयोगाचं नाही. त्यासाठी श्रीपादने माठात मिठाचं पाणी भरलं होतं. एक तांब्याची चकती तळाशी, दुसरी दोरीला टांगलेली. वीज एका चकतीतून पाण्यात शिरायची आणि दुसरीतून दिव्यांकडे जायची. वरची चकती जसजशी खाली सोडावी, तसतसे दिवे उजळायचे. हाच तो डिमर. मीठ कमी पडलं तर दिवे मिणमिणतेच राहायचे, जास्त झालं तर भसकन दुपार व्हायची. “आमटीपेक्षा किंचित खारट, बस्स,” हे श्रीपादचं माप. दरवर्षी तिसऱ्या अंकात कुठलं तरी कारण काढून पहाट असायचीच. नाटककार मंडळातलेच असल्यामुळे ते बिचारे ऐकायचे.

आणि आता श्रीपाद निघाला होता. ग्वाल्हेर संस्थान गेलं, त्याचा मध्यभारत झाला. आता नोव्हेंबर उजाडला की मध्यभारतही जाणार आणि राजधानी भोपाळला होणार. कचेऱ्यांच्या फायली पेट्यांत भरल्या जात होत्या, आणि फायलींमागून माणसंही. पेटीवाला भोपाळला, प्रॉम्प्टर भोपाळला, श्रीपादची गाडी उद्या सकाळची. बाड्याच्या चौकात भेटेल तो एकच विचारायचा, “तुमचं काय? जाताय की राहताय?”

श्रीपादने निघण्याआधी एक हट्ट धरला. “हा प्रयोग पद्मा करेल. मी समोर बसणार. इतकी वर्षं पहाट केली, पाहिली एकदाही नाही.”

मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारचं पौरोहित्य होतं. ते स्वतः दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झाले होते. ते म्हणाले, “विजेचं काम, त्यात पोरगी, त्यात निरोपाचा प्रयोग. काही वेडंवाकडं झालं तर?”

“त्यांच्या घरी विजेशिवाय दुसरं आहे काय?” श्रीपाद म्हणाला.

ते खरंच होतं. पद्माचे वडील मल्हारराव संस्थानच्या फौजेत तारा ओढायचे. फौज विलीन झाली तसे ते घरी आले आणि त्यांनी पंखे-इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. पद्मा तिथेच पकड धरायला शिकली. शेवटी मुकुंदरावांनी मान हलवली, पण अट घातली. “पहाट बिघडली, तर पुढच्या वर्षीपासून शामियानेवाल्याचा माणूस बोलवायचा. दोन बटणं, दोन दिवे, संपलं.”

म्हणून पद्माचा जीव त्या माठात अडकला होता. तिला हे काम हवं होतं. इस्त्री दुरुस्त केली तर लोक इस्त्री घेऊन जातात. पण तालमीत तिने दोरी सोडली आणि सुमनताईंच्या चेहऱ्यावर उजेड चढत गेला, तेव्हा ती स्वतःच श्वास घ्यायची विसरली होती. असलं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

आणि आता माठ गायब. तिने पडद्यामागे पाहिलं, रंगपटात पाहिलं. मग पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि “हे भगवान!” म्हणून डोक्याला हात लावला.

रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल असा चौरंग मांडला होता. चौरंगावर तांदळाची रास, राशीवर माठ. माठाच्या तोंडावर तांब्याची चकती, चकतीवर तांदूळ आणि नारळ, कडेने आंब्याची पानं. पुढे निरांजन. सगळ्या पात्रांनी नमस्कारही करून झाले होते. शेजारी लीलाताई कृतार्थ मुद्रेने उभ्या होत्या. मंडळाच्या पूजेची तयारी दरवर्षी त्यांच्याकडेच असे, स्वयंपाकही त्यांचाच.

“लीलाताई, हे काय केलंत?” पद्मा जवळजवळ रडत म्हणाली.

“काय म्हणजे? कलश नको? किती छान तयार ठेवला होतास तू!”

“वो कलश नाही, डिमर आहे!”

“चल, काहीतरीच. हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली, वर तांब्याचं पूर्णपात्र, आणि गळ्याला लाल सूतसुद्धा गुंडाळलेलं!”

लाल सूत म्हणजे सुती वेष्टणाची विजेची तार होती. हळदीकुंकवाचा आणि माळेचा दोष मात्र पद्माकडेच जात होता. खंडेनवमीला शिपायांच्या घरात हत्यारांची पूजा होते. आजोबांची तलवार, वडिलांची पकड, आणि यंदा प्रथमच तिचं स्वतःचं हत्यार. मोठ्या हौसेने तिने माठ सजवला होता आणि ती माळ काढायचा तिला धीर झाला नव्हता. मग लीलाताईंनी तरी काय ओळखावं?

“तरीच!” मागून सुमनताई ओरडल्या. “मुकुंदरावांनी अंगावर पाणी शिंपडलं, तर ओठाला खारट लागलं. मला वाटलं, माझंच रडू आहे.”

त्या दिवशी जो तो डोळे पुसत होता, त्यामुळे खारट पाण्याचा संशय कुणालाच आला नाही.

तिसरी घंटा झाली. बोलायला वेळ उरला नाही. पहिल्या दोन अंकांना बटणांचेच दिवे होते, ते पद्माने मुकाट्याने केले. मधूनच ती फटीतून बघायची. चौरंगावर तिचा माठ नारळ घालून ऐटीत बसला होता. पहिल्या रांगेत श्रीपाद बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर हात ठेवून, नव्या जावयासारखा. त्याला बोलवावं असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. पण मग तो आत आला असता, आणि त्याची पहाट पुन्हा त्याला दिसली नसती. ती गेली ती मुकुंदरावांकडे. दुसरा अंक संपून पडदा पडत होता.

“काका, तो माठ मला हवाय. तिसऱ्या अंकात पहाट आहे.”

सगळी हकिकत ऐकल्यावर मुकुंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पूजा त्यांनीच सांगितली होती, आणि ती बिनचष्म्याने, त्यामुळे रागवायचं कुणावर हा प्रश्न होता.

“कलशात सप्तसागरांना या म्हणालो,” ते पुटपुटले. “आलेच म्हणायचे, मिठासकट.” आणि मग एकदम कठोर होऊन म्हणाले, “पण स्थापना झाली आहे. प्रयोग संपेपर्यंत कलश हलवायचा नाही, ही रीत आहे.”

“दुसरा माठ घेऊ?” लीलाताई म्हणाल्या.

“चकत्यांची जोडी एकच आहे,” पद्मा म्हणाली. “काका, गणपतीला आपण पोचवतो ना? तसा मंत्र कलशाला नसतो का?”

“असतो.” मुकुंदराव थांबले.  “पण तो निरोपाचा मंत्र, पोरी. अर्धं मंडळ उद्या-परवा चाललंय. आज तेवढा एक मंत्र तोंडातून काढायचा नाही, असं ठरवून घरून निघालो होतो मी.”

 पद्माला पुढे रेटवेना. पडद्याबाहेर लोक खोकत होते, मुलं शेव खात होती.

शेवटी लीलाताईच हळूच म्हणाल्या, “अहो, पण त्याचा अर्थ तर परत या असाच आहे ना? जा असं कुठे म्हणतो आपण?”

मुकुंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उपरणं सावरलं, मूठभर अक्षता घेतल्या आणि ते पडद्याबाहेर गेले. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलाच प्रवेश आहे. पण म्हातारा नुसता कलशासमोर उभा राहिला, हात जोडले, अक्षता वाहिल्या आणि “पुनरागमनाय च” म्हणाला.  सभागृहात आपोआप शांतता झाली. एकेक करून माणसं उठली, हात जोडून उभी राहिली. कोण कुणाला परत या म्हणत होतं, ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी कलश बोटभर हलवला. विसर्जन झालं.

पुढच्याच क्षणी पद्माने माठ उचलला आणि विंगेत धूम ठोकली.

नारळ-तांदूळ उतरवून, आत हात घालून तिने सुपारी काढली, पैसा काढला, दूर्वा काढल्या. शिंपडून शिंपडून पाणी बरंच उतरलं होतं. तिने तांब्याभर नवं पाणी ओतलं, आणि अंदाजाने मूठभर मीठ टाकलं. पण अंदाज बरोबर होता का? तिने चाखून पाहिलं, पण घाईत चव कळेना.

“लीलाताई, जरा चाखता? आमटीपेक्षा किंचित खारट हवं.”

तारा अजून जोडायच्या होत्या, त्यामुळे भीती नव्हती. लीलाताईंनी पळीभर पाणी घेतलं, डोळे मिटले. “अजून चिमूटभर. आता बघू... हां. शंभर पानांच्या पंगतीला वाढ, कुणी नाव ठेवणार नाही.”

तिसरा अंक सुरू झाला. नाटकात नायिका रात्रभर खिडकीपाशी नवऱ्याची वाट पाहत बसते आणि शेवटी उजाडतं. वरची चकती पुन्हा दोरीला टांगून पद्माने तारा जोडल्या, रबरी हातमोजा चढवला, दोरी धरली. सुमनताईंचं शेवटचं वाक्य झालं. पद्माने चकती पाण्याला टेकवली.

आधी काहीच झालं नाही. मग खिडकीची चौकट कळे न कळेशी दिसली. ती मनात मोजत नव्हती, सुमनताईंचा श्वास बघत होती. त्यांची छाती वर झाली की दोरी जरा खाली. पाणी हलकेच गुणगुणू लागलं, कोमट झालं, आणि त्यातलं पूजेचं गंध दरवळू लागलं. सुमनताईंच्या केसांवर उजेड आला, मग कपाळावर, मग गालावर. खिडकीतून पिवळं ऊन आत सांडलं. तरी कुणी टाळी वाजवेना.  तेवढ्यात समोर काहीतरी खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला, कुणी तरी हसलं, आणि मग टाळ्यांनी सभागृह भरून गेलं.

पडदा पडल्यावर मुकुंदराव आत आले. पद्मा उठून उभी राहिली.

“शामियानेवाला नको,” एवढंच ते म्हणाले. आणि दोन पावलं जाऊन वळले. “पण पुढच्या वर्षी तो माळ घातलेला माठ माझ्यापासून लांब ठेव.”

त्यांच्या मागोमाग श्रीपाद आणि त्याची बायको आली. श्रीपाद नुसता माठाकडे बघत होता. पद्माचा धीर सुटला.

“दादा, जल्दी झाली का? शेवटी हात जरा सुटला माझा.”

“त्यांना काय विचारतेस, मला विचार,” वहिनी हसत म्हणाल्या. “हे मध्येच उठून उभे! मी म्हटलं, अहो कुठे? तर म्हणतात, चल, उजाडलं, गाडी चुकेल.”

पद्मा खळखळून हसली. श्रीपादही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. “खरंच वाटलं गं,” तो म्हणाला. “खरंच वाटलं की उजाडलं.”

तो माठाजवळ बसला. गार होत आलेल्या माठाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती, खाली लीलाताईंनी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. सवयीने त्याचा हात दोरीकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि खिशातल्या रुमालाला पुसला.

“येतो मग,” तो उठत म्हणाला.

माठाच्या काठाला दोन-चार अक्षता चिकटून राहिल्या होत्या. पद्माने त्या बोटाने टिपल्या, आणि मोठ्या माणसाला असं करावं की नाही याचा विचार न करता श्रीपादच्या खांद्यावर टाकल्या.

“पुनरागमनाय च, दादा.”

श्रीपादने हात जोडले. मग जागच्या जागी बोटभर सरकला.

“हललो बघ,” तो म्हणाला, आणि बायकोच्या मागून बाहेर पडला.