शीग

मी एक जुनी पितळी पायली आहे, मित्रांनो. तुम्ही धान्य किलोने आणता, म्हणून आधी माझी ओळख सांगते. चार शेर धान्य मावेल असं माझं पोट. काठापर्यंत धान्य भरून वरून हात फिरवला की ती सपाट पायली. काठावर धान्याचा डोंगर उभा राहू दिला, तर त्या डोंगराला म्हणायचं शीग. देणं द्यायचं ते सपाट आणि मनापासून द्यायचं ते शीग लावून, अशी आमच्या मुलखाची रीत होती.

बुऱ्हाणपूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. मी सूर्यासारखी चमकत होते. पण माझा पहिला मालक यादवशेठ धान्याचा व्यापारी होता. एके दिवशी दुकानाचं दार लोटून त्याने मला उपडं घातलं आणि वरवंट्याने माझ्या बुडावर हळूहळू ठोके दिले. बूड आत गेलं. बाहेरून कोणाला कळेना, पण माझ्या पोटात ओंजळभर धान्य कमी मावू लागलं. शेठ धान्य घ्यायचा दुसऱ्या पायलीने आणि विकायचा माझ्याने. लोक मला भरताना पाहून समाधानाने पिशवी पुढे करायचे. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

शेठचं दुकान बसलं. देडतलाईच्या बाजारात चुडामण पाटलाने मला स्वस्तात घेतलं आणि मी त्याच्या गावाची पायली झाले. गावात दुसरी पायली नव्हती, म्हणून माझी खोट कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्या गावात धुरपदाबाई राहत. त्यांची थोरली लेक बाळंतपणात अडली, तेव्हा तिला बैलगाडीत घालून बुऱ्हाणपूरला नेत होते. अर्ध्या वाटेवर गाडी थांबली आणि तिथूनच माघारी वळली. त्या दिवसापासून धुरपदाबाई कोणाच्याही बारशाला गेल्या नाहीत.

देश स्वतंत्र होऊन आठेक वर्षं झाली होती. सरकारने गावाला विचारलं, "तुम्ही जागा द्या, नर्सबाईच्या भाकरीचं पाहा. औषधं आणि पगार आम्ही देतो. गाव नीट उभं राहिलं, तर दवाखाना कायमचा." पाटलाने दोन खोल्या दिल्या आणि विमलबाई नावाच्या नर्स आल्या. साठ घरांनी सुगीला एकेक पायली ज्वारी द्यायची असं ठरलं. ती गोळा करायला धुरपदाबाई आपणहून पुढे आल्या. त्यांची धाकटी सून भागा तेव्हा नुकतीच लग्न होऊन घरात आली होती.

पहिल्या सुगीत सारं नवं होतं, लोकांनी हसत शीग लावली. दुसऱ्या वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. सरकारी कागद नागपूरऐवजी आता भोपाळहून येऊ लागले, आणि लोक म्हणू लागले, दवाखाना राहतो की जातो कोणाला ठाऊक!

धुरपदाबाई मला कडेवर घेऊन निंबाच्या खळ्यावर गेल्या. निंबाने मला भरलं आणि वरून हात फिरवला.

"हात काऊन फिरवता, निंबाभाऊ?"

"सरकारी काम हाय, माय. सरकारी कामात शीग कोण देतं?"

"सरकारनं बाई दिली. भाकर आपुन द्यायची. महादेवाला देता तवा शीग, अन् बाळंतिणीला सपाट?"

"आमच्या घरी आता कोण बाळंत होणार हाय? मी?"

खळ्यावरचे सगळे हसले. धुरपदाबाई म्हणाल्या, "तुम्ही पोटात होता तवा तुमच्या मायनं हात फिरवून खाल्लं असतं, तर आज एवढे उंच झाले नसते."

हसू आणखी वाढलं, पण हात फिरायचा तो फिरलाच. निंबाचं पाहून पुढच्या घरांनीही हात फिरवला. साठ घरांपैकी जेमतेम पंधरा घरांनी शीग दिली. साठ पायल्या धुरपदाबाईंच्या घरच्या कणगीत पडल्या; नर्सबाईंना आधीच्या वर्षाची ज्वारी अजून पुरत होती. मी मात्र मनात झुरत होते. ज्यांनी शीग लावली त्यांची पायली पुरी भरली होती, आणि ज्यांनी हात फिरवला त्यांची ओंजळभर उणी होती. हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

होळीच्या आधी खंडव्याहून साहेब आले. सोबत शिक्का मारलेलं सरकारी माप होतं. चावडीपुढे ज्वारी मोजली गेली. छप्पन्न पायल्या भरल्या आणि कणगीचं बूड दिसलं.

"माताजी, चार पायली कम है," साहेब म्हणाले. "गाव अपना हिस्सा नहीं देगा, तो नर्सबाई को दूसरे गाँव भेजना पड़ेगा."

सगळ्यांची नजर धुरपदाबाईंकडे गेली. कणगी त्यांच्याच घरी होती. कोणीतरी मागून बोललं, "उंदरं मोठी दिसतात त्या घरात."

दिवस भरत आलेली भागा भिंतीला टेकून उभी होती. विमलबाई गेल्या, तर तिच्या वाट्यालाही तीच बैलगाडी होती, तीच वाट होती. धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी मला उचललं आणि "याच पायलीनं मोजलं, माझ्या लेकीची आण!" म्हणत ज्वारीच्या ढिगावर उपडी आपटलं.

त्या आपटण्याने चार दाणे उडाले आणि माझ्या बुडावर पडले. सपाट बुडावरून दाणे घरंगळायला हवे होते. हे घरंगळले नाहीत. वाटीत बसावेत तसे मधोमध गोळा होऊन बसले.

निंबा पुढे आला. त्याने बोटाने ते दाणे चाचपले. मग मला सुलटी करून पोटात हात घातला.

"अरे बाप्पा! हिचं बूड त आत गेलंय!"

चुडामण पाटलाची मान खाली गेली. याच पायलीने त्याने कित्येक वर्षं मजुरांना मजुरीची ज्वारी दिली होती. "पायली माझी, तूट बी माझी," तो हळूच म्हणाला. "चार पायल्या मी आणतो."

"तुम्ही मजुरांचं पाहा, पाटील," धुरपदाबाई म्हणाल्या. "दवाखाना एकट्या पाटलाचा नाही. ज्यानं हात फिरवला, त्यानं ओंजळ आणावी."

निंबा उठून घरी गेला आणि टोपलीभर ज्वारी घेऊन आला. साहेबांच्या मापात त्याने ती ओतली, इतकी की दाणे काठावरून खाली घरंगळले. "माय, मोजा आता," तो म्हणाला. "अन् त्या उंदराचं बोलणं माझंच होतं. चुकलो." त्याच्यामागे बाकीचे उठले. कोणी पदरात, कोणी टोपीत, पोरं चिमुकल्या ओंजळीत ज्वारी घेऊन आली. तिसऱ्या प्रहरापर्यंत साहेबांनी मोजणं सोडून दिलं आणि हसत दवाखान्याच्या कागदावर सही केली.

चौथ्या दिवशी दवाखान्याच्या दोन खोल्यांत भागाला मुलगी झाली. विमलबाईंनी रात्र जागून काढली होती. बाराव्या दिवशी किती तरी वर्षांनी धुरपदाबाई बारशाला बसल्या, आपल्याच घरच्या. मुलीचं नाव वंदना ठेवलं.

माझंही काम झालं. गावच्या देवराम लोहाराने माझं बूड आतून ठोकून बाहेर काढलं. जोरात ठोकलं बहुतेक, कारण ते थोडं जास्तच बाहेर आलं. तेव्हापासून मी सपाट बसत नाही, जराशी डुलते. पण माझ्या पोटात ओंजळभर जास्त मावतं, आणि या खोटेची मला लाज वाटत नाही.

मग किलोची मापं आली. दवाखाना पुरा सरकारी झाला, सगळ्यांच्या कराच्या पैशावर चालू लागला. घरोघरी जाणं थांबलं. ते बरंच झालं, कारण सुगी बुडाली तरी बाळंतपणं थांबत नसतात. मी मात्र धुरपदाबाईंच्या घरी माळ्यावर पडून काळी पडले. दवाखान्यालाही तसेच दिवस आले. नळ तुटला, खिडकीची काच फुटली, तर लोक म्हणत, "सरकारी हाय, आपल्याला काय?" वर मला ते ऐकू यायचं. कोणीतरी पुन्हा हात फिरवतंय असं वाटायचं.

एक दिवस वंदनाने मला खाली काढलं. ती आता स्वतः आजी आहे. चिंच लावून तिने मला घासलं आणि दवाखान्यात विमलबाईंच्या जुन्या टेबलावर आणून ठेवलं. रोग्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या आता माझ्यात असतात. नळ तिने आणि निंबाच्या नातवाने मिळून बसवला.

मित्रांनो, कर गोळा होतो, त्यातून डॉक्टर येतात, औषधं येतात. ती झाली सपाट पायली, आणि ती पुरी भरलेली आहे ना, हे मोठं झाल्यावर तुम्ही बूड चाचपून पाहायचंच आहे. पण तुटला नळ दिसला तर सांगणं, रांगेतल्या म्हातारीला जागा देणं, नर्सबाईंशी गोड बोलणं, ही शीग. ती कोणत्याही साहेबाच्या मापात येत नाही.

कधी आमच्या दवाखान्यात आलात, तर टेबलावर डुलताना दिसेन मी. सावरायला धावू नका, मी पडत नाही. फक्त माझ्यावरून हात फिरवू नका.