शुभेच्छुकांच्या रांगेतला निष्पक्ष माणूस

माझ्या यूट्यूब चॅनेलचं नाव ‘दोन्ही बाजू’. लातुरात निष्पक्ष पत्रकारिता करणारं हे एकमेव चॅनेल आहे, असं त्याच्या माहितीत लिहिलेलं आहे, आणि ते मीच लिहिलेलं आहे. दर्शकांपैकी बरेचसे नांदेडच्या मामाकडचे. ते माझा व्हिडिओ लावतात, आवाज बंद करतात आणि मी बारीक झालोय का ते बघतात.

मोठ्या चॅनेलांवर माझा फार राग आहे. ती कुणाची तरी तळी उचलतात. मी कुणाचीच उचलत नाही. एक जण म्हणाला गटाराचं पाणी घरात शिरलं आणि दुसरा म्हणाला शिरलं नाही, तर मी दोघांना सारखा वेळ देतो आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून ‘निर्णय तुमचा’ म्हणतो. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला यातून कितपत मदत होते, हे मी अजून तपासलेलं नाही.

‘मीडिया विकला गेला आहे’ असा एक व्हिडिओ मी केला होता. त्याखाली एकच कॉमेंट आली, माझ्या बहिणीची, स्वप्नालीची. ‘तुला कुणी भाव तरी विचारला का?’

तर आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली आणि मी ठरवलं की उमेदवारांना समाजमंदिरात आमनेसामने बसवायचं, लाइव्ह. प्रश्न मी विचारणार. एका खुर्चीवर उमाशंकर अण्णा, ज्यांचं खताचं दुकान आहे. दुसऱ्या खुर्चीवर आनंदराज भाऊ, ज्यांचं मंगल कार्यालय आहे. दोघांनीही होकार दिला. दोघांनीही होकार देण्याआधी समोरचा येतोय का ते विचारलं. मी दोघांनाही ‘हाव, ते तर कधीच हो म्हणले’ असं सांगितलं. निष्पक्षपणे.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या किराणा दुकानात अप्पांच्या शेजारी बसलो होतो. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव बसलिंगप्पा. निवडणुकीच्या दिवसांत ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पुडी बांधून देताना ‘तुमचंच येतंय’ एवढंच म्हणतात. तेवढ्यात साबेरा आपा आल्या.

साबेरा आपांचा शिवणक्लास आहे. वॉर्डातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरींनी शिवलेले असतात. आपा अपक्ष उभ्या होत्या. चिन्ह शिलाई मशीन मागितलं होतं, मिळालं आइस्क्रीम. ऐन थंडीत.

‘‘मृत्युंजय बेटा,’’ आपा म्हणाल्या, ‘‘तिसरी खुर्ची कुठंय?’’

‘‘आपा, कार्यक्रमाचं नावच ‘दोन्ही बाजू’ हाय.’’

‘‘मग मी कोणत्या बाजूला बसू?’’

मी त्यांना अडचण समजावून सांगितली. व्हिडिओवर लावायचं चित्र तयार झालं होतं. डावीकडं अण्णा, उजवीकडं भाऊ, मधून वीज कडाडतेय. तिसरा चेहरा घालायचा तर वीज काढावी लागते.

‘‘मग काढ वीज.’’

‘‘वीज काढल्यावर कोण बघल आपा?’’

‘‘आत्ता कोण बघायलंय?’’

यावर दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखं काही नव्हतं. अप्पांनी सवयीनं मध्ये पडून म्हटलं, ‘‘बसा की आपा, काळजी करू नका. तुमचंच येतंय.’’

‘‘भाईसाब, हेच सकाळी उमाशंकरला म्हणलात. मी इथंच तेलाची पिशवी धरून उभी होते.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘‘माझं ऐक. मत दे म्हणून न्हाई आले. माझ्या गल्लीत नळाला पाणी न्हाई. पेपरवाले म्हणतात अपक्षाची बातमी चालत न्हाई. टीव्हीवाल्यांनला तर गल्लीच सापडत न्हाई. तू तर हितलाच. त्या दोघांच्या समोर बसून मला एकदा विचारायचंय, लोकांच्या देखत. एक खुर्ची दे. बास.’’

मी उठून उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. ‘‘आपा, तुमच्या बोलण्याच्या हक्कासाठी मी जिवाचं रान करीन.’’

‘‘आणि खुर्ची?’’

‘‘खुर्चीचं बघतो.’’

आपा साबण घेऊन गेल्या. सगळ्यांना सारखी संधी द्यायची म्हणजे जे आधीच मोठे आहेत त्या दोघांना सारखी संधी द्यायची, हे माझं सूत्र इतकं घट्ट बसलेलं होतं की त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. मला फक्त वाईट वाटलं. ते मला नेहमीच वाटतं, आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही.

त्यानंतर फ्लेक्स लागला.

चौकात, उमाशंकर अण्णांच्या प्रचार कार्यालयाचा. वर अण्णा हात जोडून, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, चौकोनात एकेक मुंडकं. या रांगेशिवाय आमच्याकडं फ्लेक्स पूर्ण होत नाही. अण्णा कोण आहेत हे लोकांना माहीत असतं. लोक रांगच बघतात, कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाच्या शेजारी आहे. त्या दिवशी रांगेच्या मधोमध मी होतो. डोक्यावर गुलाबी फेटा, डोळे अर्धे मिटलेले, गालात जिलबी. नांदेडला मामाच्या पोरीच्या लग्नातला फोटो. खाली लिहिलं होतं, ‘युवा नेते’.

स्वप्नालीचा फोन आला. ‘‘अभिनंदन, युवा नेते. येताना दूध घेऊन या.’’

मी थेट बिलालकडं गेलो. बिलाल माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि माझा कॅमेराही तोच धरतो.

‘‘बिलाल, हे काय करून ठेवलं बे?’’

‘‘भडकू नको मृत्या. अण्णाचा एक माणूस रातोरात आनंदराजकडं गेला. फ्लेक्स मशीनवर चढलेला. मधीच चौकोन रिकामा! रिकामा चौकोन बरा दिसतो का? दात पडल्यासारखं वाटायलं. कॉम्प्युटरवर तुझा फोटो सापडला, बसवला.’’

‘‘मला विचारायचं न्हाई?’’

‘‘तुझ्या एका व्हिडिओत तूच म्हणलास की छापणाऱ्यावर कुणाचा दबाव नको.’’

मी उमाशंकर अण्णांकडं गेलो. अण्णा युरियाच्या पोत्यावर बसले होते. त्यांनी मला मिठी मारली.

‘‘ये, ये, युवा नेते!’’

‘‘अण्णा, माझा फोटो काढा. मी निष्पक्ष हाय.’’

‘‘मग काय झालं? निष्पक्ष माणूस बी आपल्यासोबत हाय, चांगलंच की. आणि काढला तर काय होईल? लोक म्हणतील, हे पोरगं बी गेलं तिकडं. तुझीच बदनामी. मी तुझी बदनामी होऊ देणार न्हाई.’’

मी आभार मानले. का मानले ते कळलं नाही, पण बाहेर येईपर्यंत मानून झाले होते.

दुकानात पोचतोय तोवर आनंदराज भाऊंचा फोन. ‘‘मी येणार न्हाई. अंपायरच त्यांच्या टीममध्ये खेळायलाय.’’

‘‘भाऊ, ती छपाईतली चूक हाय.’’

‘‘चूक असंल तर आमच्या फ्लेक्सवर बी कर.’’

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. पण मला ही मागणी तात्त्विकदृष्ट्या बरोबर वाटली. एका फ्लेक्सवर असणं म्हणजे पक्षपात, दोन फ्लेक्सवर असणं म्हणजे समतोल. कुठल्याच फ्लेक्सवर नसणं हा तिसरा मार्ग मला सुचला नाही, कारण तिसरा मार्ग मला सहसा सुचत नाही. मी स्वतःच्या हातानं बिलालला फोटो पाठवला. चांगला, डोळे उघडे असलेला.

नव्या फ्लेक्सवर भाऊंनी मला ‘ज्येष्ठ पत्रकार’ केलं.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. त्यांच्याकडं फोटो डोळे मिटलेला आणि भाऊंकडं डोळे उघडलेला, याचा अर्थ काय? शिवाय तिकडं चेहरा मोठा होता. मी बिलालला घेऊन दोन्ही फ्लेक्सवर चढलो आणि टेपनं माझं डोकं मोजलं. खरंच तिकडचं मोठं होतं. शिडीवर उभा राहून मी स्वतःच्या हनुवटीला टेप लावत होतो, तेव्हा खालून साबेरा आपा क्लासच्या पोरींना घेऊन जात होत्या. हातात कापडी बॅनर, त्यावर हातानं रंगवलेलं आइस्क्रीम.

‘‘काय मोजायलास बेटा?’’

‘‘समतोल, आपा.’’

‘‘आन् खुर्ची?’’

‘‘आपा, आत्ता हे लई नाजूक चाललंय. तुम्हाला घेतलं की त्यांनला निमित्त मिळेल.’’

‘‘त्यांनला निमित्त मिळू नये म्हणून मी गप बसू?’’

‘‘गप न्हाई. बोला की. फक्त तिथं नका बोलू.’’

एक पोरगी हसली. आपा हसल्या नाहीत. ‘‘टीव्हीवाल्यांचं बरं बेटा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते मला ओळखत न्हाईत. तू ओळखून असं करायलास.’’

त्या गेल्यावर बिलालनं शिडी धरूनच म्हटलं, ‘‘मृत्या, एक बोलू? खुर्च्या माझ्या मामूच्या मंडपातल्या हायेत. पाहिजे तेवढ्या हायेत.’’

‘‘प्रश्न खुर्च्यांचा न्हाई बिलाल, तत्त्वाचा हाय.’’

‘‘बरं. मग उतर आता, तत्त्व हलायलंय.’’ शिडी खरंच हलत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिर गच्च भरलं. अण्णांची माणसं भाऊ येतात का ते बघायला आली होती, भाऊंची माणसं अण्णा येतात का ते बघायला. मागच्या निम्म्या हॉलमध्ये शिवणक्लासच्या बायका. साबेरा आपा पाचव्या-सहाव्या रांगेत, भिंतीला टेकून. स्टेजवर दोन खुर्च्या, मागं फ्लेक्सवर छापलेली तीच वीज.

वेळ झाली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

मी अण्णांना फोन लावला. ‘‘ज्येष्ठ पत्रकार,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तू त्यांचा माणूस हायेस.’’ भाऊंना लावला. ‘‘युवा नेते,’’ भाऊ म्हणाले, ‘‘तू त्यांचा माणूस हायेस.’’ दोघांमध्ये प्रथमच एकमत घडवून आणण्याचं काम माझ्या हातून झालं होतं.

बिलालनं कॅमेऱ्यामागून खूण केली. लाइव्ह सुरू झालं होतं. मी माइक धरून उभा होतो आणि कॅमेरा दोन रिकाम्या खुर्च्या दाखवत होता. अगदी समतोल चित्र होतं.

‘‘नमस्कार,’’ मी म्हणालो. कार्यक्रम रद्द म्हणावं तर हॉल भरलेला. साबेरा आपांना बोलवावं तर एकाच बाजूला संधी दिल्यासारखं होणार. ज्या बाजू आल्याच नाहीत त्यांच्यावर अन्याय होईल, असा विचार मी खरोखर केला, आणि तो पुरा होईपर्यंत लोक माझ्याकडं बघत राहिले.

‘‘अरे, बसव की आपांना!’’ मागून कुणीतरी बाई ओरडली. ‘‘खुर्च्यांची पूजा करणार हायेस का?’’

सगळा हॉल हसला. आपा जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला कळलं की मी म्हटल्याशिवाय त्या येणार नाहीत. त्यांना उरलेली खुर्ची नको होती, बोलावणं हवं होतं. मी माइक तोंडाजवळ नेला.

‘‘आपा, या. बसा.’’

‘‘ते आले न्हाईत म्हणून?’’

हो म्हणावं तर अपमान, नाही म्हणावं तर खोटं. मी दोन्ही बाजू तपासल्या. मग म्हणालो, ‘‘हाव. ते आले असते तर मी तुम्हाला बोलावलं नसतं. ते चुकीचं होतं.’’

‘‘हे माइकवर बोलायलास ना?’’

‘‘लाइव्ह हाय, आपा.’’

‘‘बरं.’’ आपा उठल्या, पदर सावरला, स्टेजवर आल्या आणि डाव्या खुर्चीवर बसल्या. मग उजव्या खुर्चीकडं बोट केलं. ‘‘तू हितं बस.’’

‘‘मी? मी प्रश्न विचारणार हाय.’’

‘‘प्रश्न मी विचारणार. त्यांच्या दोघांच्या फ्लेक्सवर तूच एकटा हायेस. त्यांच्याकडून तू उत्तर दे.’’

हॉलनं टाळ्या वाजवल्या. अण्णांच्या माणसांनी आणि भाऊंच्या माणसांनीसुद्धा, कारण दोघांनाही वाटलं दुसऱ्याची जिरतेय. मी बसलो. बिलालनं कॅमेरा जवळ आणला. तो एवढा आनंदी मी त्याच्या निकाहातही पाहिला नव्हता.

‘‘आमच्या गल्लीत पाणी कधी येणार?’’

‘‘आपा, याला एक बाजू अशी हाय की पाइपलाइन जुनी...’’

‘‘बाजू न्हाई विचारली. पाणी विचारलं.’’

मी लोकांकडं बघितलं. अप्पा दुकान बंद करून आले होते आणि त्यांच्या तोंडून प्रथमच कुणाचंच ‘येत’ नव्हतं. खिशातला फोन थरथरू लागला. अण्णा. मी उचलला. ‘‘सांग, पुढच्या महिन्यात येणार! आमच्या वतीनं सांग!’’ तो ठेवतोय तोवर भाऊ. ‘‘आमच्याकडून बसलास ना? मग सांग, पुढच्या महिन्यात!’’

‘‘काय म्हणतात?’’ आपांनी विचारलं.

‘‘दोघं बी म्हणतात, पुढच्या महिन्यात.’’

‘‘आणि तू काय म्हणतोस?’’

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी बोलण्याच्या स्वातंत्र्यावर इतकं बोललो होतो की मला स्वतःला काय बोलायचंय ते बघायचं राहूनच गेलं होतं.

‘‘येणार न्हाई,’’ मी म्हणालो. ‘‘मागच्या निवडणुकीत बी पुढचाच महिना होता. आणि मी आज त्यांना हे विचारणार नव्हतो. विचारणार हाय म्हणलं असतं तर ते आले नसते.’’

‘‘तसं बी कुठं आले?’’ मघाची बाई मागून म्हणाली.

मोबाइलवर अण्णांचा मेसेज आला, फोटो उद्याच काढतो. लगोलग भाऊंचा आला, फोटो आत्ताच काढतो. मी तो आपांना दाखवायला गेलो, पण त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला होता, आणि त्या नळापासून सुरू झाल्या होत्या. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. काही मुद्दे दोनदा आले, एक तर मला मुळीच पटला नाही. मी खुर्ची जरा मागं सरकवली आणि ऐकत बसलो.