आरोहीच्या डोक्यावरचं गवत

माझा मुलगा देवव्रत बायको-मुलीला घेऊन ऑस्ट्रियाला निघाला तेव्हा मी सगळं बांधून दिलं होतं, मेतकूटसुद्धा. अक्कल तेवढी द्यायची राहिली, हे मला शनिवारी संध्याकाळी साडेसहाला दुकानात कळशा मांडताना कळलं. त्याने फोटो पाठवला होता. डोंगरातली नदी, काठाला पांढऱ्या गोट्यांचं सपाट मैदान आणि त्यावर अर्धा उभा केलेला तंबू. खाली लिहिलेलं, 'आई, अख्ख्या कॅम्पातली एक नंबर जागा पटकावली. पाण्यापासून दहा पावलं.'

दहा पावलं वाचून मी हातातली कळशी खाली ठेवली.

आमचं तांब्या-पितळेचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, गोदाघाटापासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांच्या वेळेपासून आम्ही पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवर. रामकुंडापाशी उभा आहे तो, उंच, शेंदरी. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं तर खुशाल धंदा करायचा. कमरेला लागलं की माल माळ्यावर चढवायला घ्यायचा. गळ्याला लागलं की शटर ओढून घर गाठायचं. धरणातून किती सोडलं ते पेपरात येतं, पण आम्ही एकमेकांना एवढंच विचारतो, मारुतीच्या कुठं आलं?

गेल्या वर्षी कमरेला लागलं म्हणून मी देवव्रतला अंबडच्या कंपनीतून, मीटिंग अर्धी टाकून बोलावून घेतलं. दोघांनी चार तास हंडे-घागरी वर चढवल्या आणि पाणी आपलं मुकाट उतरून गेलं. तेव्हापासून घरात बादली सांडली तरी हा विचारतो, आई, मारुतीच्या कुठं आलं? सगळे हसतात. माझे यजमान उपेंद्रसुद्धा, मिशीतल्या मिशीत.

म्हणून आधी मी गप्प बसले. म्हटलं, बाई, लेकरं सुटीवर गेलीत, तू तुझ्या कळशा मांड. पण हात ऐकेना. फोटो बोटांनी मोठा केला तर तंबूमागची झुडपं दिसली. त्यांच्या फांद्यांत वाळकं गवत आणि काटक्या अडकलेल्या, सगळ्या एका उंचीवर, सगळ्या एकाच बाजूला ओढलेल्या. पूर उतरल्यावर आमच्या घाटावरच्या रेलिंगला अशीच घाण लोंबत असते. चाळीस वर्षं बघतेय मी ती.

फोन लावला. देवव्रतने खुशीत उचलला. मी झुडपांचं सांगितलं, तर म्हणे इथे अजून दुपार आहे, चक्क ऊन पडलंय, नदी घोट्याएवढी आहे, आणि मालक स्वतः म्हणाला हवा तिथे तंबू ठोका. वर टेकाडावर जागा आहे, पण ती उतरती, शिवाय संडासाला लागून. एवढ्या लांब येऊन संडासाशेजारी राहायचं का? आणि आरोहीला नदीच हवी होती. आरोही माझी नात, आठ वर्षांची.

"आई, इथे गंगापूर धरण नाहीये," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय. धरण असतं तर पाणी सोडायच्या आधी भोंगा तरी वाजला असता."

तो हसला. खुंट्या ठोकायच्यात म्हणून फोन ठेवला, तो परत उचलेचना.

माझं डोकं फिरलं. उपेंद्र म्हणाले, उत्तरा, अडतीस वर्षांचा बाप्या आहे तो, राहू दे आता. मी त्यांच्यावर अशी ओरडले, की समोरचं गिऱ्हाईक हातातला तांब्या ठेवून चालतं झालं.

मग मी जे कधी करत नाही ते केलं. सुनेला फोन लावला. आभाचं आणि माझं फारसं सख्य नाही. माझ्या काळज्यांना ती 'हो आई' म्हणते आणि स्वतःचंच करते. तिच्यावरही ओरडायचं ठरवलं होतं, पण तिचा आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, आभा, मी चुकले तर जन्मभर हसा मला. पण आज रात्री माझ्या आरोहीला त्या गोट्यांवर झोपवू नकोस.

 तिने विचारलं, "फोटोत नेमकं कुठं बघताय तुम्ही?" मी सांगितलं. तिने फोन ठेवला.

दहा मिनिटं गेली. मी एकच कळशी तीनदा पुसली. मग फोटो आला, सोबत एकही शब्द नाही. आरोही झुडपापाशी ताठ उभी होती, शाळेत उंची मोजताना उभं करतात तशी. वाळकं गवत तिच्या डोक्याच्या वीतभर वर लोंबत होतं.

मी तो उपेंद्रांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि स्टुलावर बसले.

आठ वाजता पुढचा फोटो आला. तंबू टेकाडावर, तिरका, संडासाच्या भिंतीला खेटून, आणि देवव्रत पाठ फिरवून बसलेला. खाली त्याचा मेसेज, 'तुझ्या हट्टापायी सुटीचा विचका झाला.' लागलं मला ते. पण म्हटलं, चीड बाबा, वर बसून हवा तेवढा चीड.

आरोहीनेही बोलून मेसेज पाठवला होता. मम्मी-पप्पांचं जोरात भांडण झालं. आणि तिने नदीच्या कडेला पाच दगड एकावर एक रचून आपला मारुती केलाय, मम्मीची लिपस्टिक लावून. आता तिलापण कळणार कुठं आलं ते.

रविवारी सकाळी आठपासून मी फोन लावत होते, तिकडे अजून पहाटच होती तरी. दोघांचेही बंद. नऊ वाजले, दहा वाजले. उपेंद्रांनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच निवला. मला एकेक भयंकर दिसायला लागलं होतं.

साडेदहाला देवव्रतचा फोन आला. आवाज पार बसलेला. कॅम्पात थेंबही पडला नव्हता, म्हणाला, वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला. पहाटे नदीची घरघर ऐकून तो बॅटरी घेऊन खाली धावला. काठावर आणखी दोन तंबू होते, त्यांना उठवून वर आणलं. सामान गेलं, माणसं आली. मोबाइलचा टॉवर बंद पडला होता म्हणून फोन लागत नव्हता, तो आत्ता सुरू झाला.

मी विचारलं, आरोही कुठंय? म्हणाला, संडासाच्या पायरीवर बसून बिस्किटं खातेय.

मी उपेंद्रांना खुणेनेच सांगितलं, सगळे ठीक आहेत. 

"आई," तो म्हणाला, "मारुती बुडाला."

मी म्हटलं, बरं, आधी काहीतरी गरम खाऊन घ्या. फोन ठेवला आणि निवलेला चहा पुन्हा गॅसवर चढवला.