पुतळाबाईंची हाक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचा दिसतो ना, तो एका नवरदेवाच्या मामाने नाचता नाचता मला आपटल्यामुळे पडला. मी ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा छत्रपती संभाजीनगरातली एकही हळद माझ्यावाचून होत नसे, निदान मला तरी तसे वाटे. गायक मला ओठांशी धरत, टाळ्या मात्र त्यांना पडत. जो तो माझ्या डोक्यावर टिचक्या मारून "हॅलो, हॅलो" करी. त्याचा मला मनस्वी राग येई. पुढे बिनतारी माईक आले आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

तिथून अजिनाथने मला करमाडला आणले. तो शेंद्र्याला कंपनीत कामाला होता आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवी. शुक्रवारी ब्लूजचे नवे अल्बम आले की हातातला घास ठेवून ऐकत बसे. ब्लूज म्हणजे अमेरिकेत शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनी आपले दुखणे गाऊन घडवलेले संगीत.

"आई, हे लोक तुझ्यावानीच गात्यात बघ," तो म्हणे.

त्याची आई, पुतळाबाई, मेंढरे राखताना ओव्या म्हणत. त्या ओव्या आणि आपली गिटार एकत्र करून गाणे काढायचे, असे त्याने मनावर घेतले.

घरात बसवले तर पुतळाबाईंच्या तोंडून सूर फुटेना. "मेंढरं दिसल्याबिगर मला गाणं येत नाय," त्या म्हणाल्या. मग आम्ही मेंढवाड्यात गेलो. त्यांनी मला टिचकी मारली नाही, पदराने माझी धूळ पुसली. ओवीच्या मधेच थांबून त्या हाक मारत, "हुर्र्र, यं गं काळे, यं," आणि पुढची ओळ जिथल्या तिथे उचलत. हाक आली की काळी मेंढी धावत येई. पुतळाबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. माझ्यासमोर असे आजवर कोणी गायले नव्हते.

अजिनाथने कॉम्प्युटरवर गाणे स्वच्छ केले. मेंढरांचे ओरडणे काढले, खोकला काढला, हाकाही काढल्या. मूळ आवाज कॉम्प्युटरची जागा अडवतो म्हणून पुसून टाकला.

"पयलं ठिवलं का?" त्याचे वडील त्रिंबकबाबा यांनी विचारले.

"कशाला? आई हाय की घरात. लागलं तर पुन्हा म्हणंल."

पुढच्याच आठवड्यात पुतळाबाईंच्या छातीत कळ आली. जीपने शहराकडे नेताना त्या वाटेतच गेल्या. गाणे आधीच इंटरनेटवर चढवून ठेवलेले होते, ते ठरल्या शुक्रवारी आले. कुठून कुठून कौतुकाचे निरोप आले. आवाज किती स्वच्छ आहे, असे सगळ्यांनी लिहिले.

इकडे काळी चारा तोंडाला लावेना. त्रिंबकबाबांनी अजिनाथचा मोबाइल तिच्या कानाशी धरला आणि गाणे लावले. मी मेंढवाड्यातच खुंटीला टांगलेला होतो. गिटार वाजली, ओवी झाली. काळीने मान उचलली नाही. बाबांनी पुन्हा लावले.

"अजिनाथ, हिच्यात तिची हाक कुठंय रं?" त्यांनी विचारले.

अजिनाथने मोबाइल घेऊन गाणे बंद केले. बाबांनी स्वतः हाक मारून पाहिली, पण काळी जागची हलली नाही. दोन दिवसांनी काळी मेली.

मित्रांनो, ती हाक माझ्या जाळीतून गेली. माझ्याइतकी जवळून ती कोणी ऐकली नसेल, पण माझ्यात काहीच साठत नाही. तुमच्या घरातली माणसे जशी बोलतात, खोकतात, हाका मारतात, तशीच जपून ठेवा. ती पुन्हा म्हणतीलच असे समजू नका.

अजिनाथ आता शुक्रवारी नवी गाणी ऐकत नाही. मला मेंढवाड्यात उभा करतो, चालू करतो आणि गिटारीला हात न लावता समोर बसतो. मी ऐकत राहतो. मेंढरे रवंथ करतात, तेवढेच ऐकू येते.